कॅसेटींना ऊन

दुकानाच्या भिंतीवर पेंटरने 'अनामत' असंच रंगवलं होतं, पण नूर महंमद यांच्या तोंडून तो शब्द कधी निघाला नाही. ते म्हणायचे 'अमानत'. "अनामत निवडणुकीत जप्त होते," ते गिऱ्हाइकाला सांगायचे, "अमानत जप्त होत नसते. ती परत द्यायची असते. माणूस आला तरी आणि नाही आला तरी." गिऱ्हाईक हसून विचारायचं, नाही आला तर कोणाला परत देणार, नाना? याचं उत्तर त्यांच्यापाशी नव्हतं. म्हणून तर दुकान बंद होऊन कितीतरी वर्षं लोटली, तरी जळगावातल्या त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत परक्या लोकांच्या लग्नाच्या कॅसेटी ओळीने उभ्या होत्या.

या कॅसेटी दुकानात आल्या त्याची एक गंमत होती. व्हीसीआर नवा होता तेव्हा लोक टीव्हीसकट मशीन भाड्याने न्यायचे आणि एका बैठकीत तीन तीन सिनेमे पाहायचे. इतकी महाग वस्तू द्यायची, तर बदल्यात काहीतरी ठेवून घ्यावं लागे. कोणी घड्याळ ठेवी, कोणी पितळी हंडा. पण घड्याळवाला घड्याळ विसरून जाई आणि मशीन आठवडाभर त्याच्या घरी राही. एकदा असोद्याच्या एका गड्याजवळ दुसरं काहीच नव्हतं, म्हणून त्याने आपल्या लग्नाची कॅसेट ठेवली. दुसऱ्या दिवशी शटर वर जायच्या आत तो मशीन घेऊन पायरीवर बसलेला. "बायकोनं चहा दिला नाही," तो म्हणाला. "म्हणे, आधी आपलं लग्न सोडवून आणा." त्या दिवसापासून नूर व्हिडिओमध्ये लग्नाची कॅसेट हीच अमानत ठरली.

धंदा असा वाढला की नूर महंमद यांनाच हसू यायचं. जळगावनंतर धुळे झालं, मग हायवेवरचं सोनगीर, मग कारखान्यांच्या कामगारांसाठी नरडाणा, आणि असोद्यात किराणा दुकानाच्या अर्ध्या गाळ्यात एक शाखा. नवा सिनेमा आधी जळगावात लागायचा. मग थैली एसटीच्या कंडक्टरच्या हाती धुळ्याला, तिथून सोनगीर, नरडाणा, आणि फिरून फिरून शेवटी असोद्याला. असोदा जळगावपासून हाकेच्या अंतरावर, पण रांगेत सगळ्यात मागे. तिथे पोचेपर्यंत फीत इतकी घासलेली असायची की नटाच्या तोंडावर पांढरे ठिपके नाचायचे. सोनगीरची शाखा सांभाळणारा हिलाल म्हणायचा, "असोद्याले जाईसन हिरोले गोवर निघस."

मग जसं आलं तसंच ते गेलं. केबल आली तेव्हा नरडाणा बंद पडलं. सीडी आल्या तेव्हा सोनगीर आणि असोदा एकदमच गेले. धुळ्यात काही काळ सीडी ठेवून पाहिल्या, पण लोक मोबाईलच्या दुकानातून एका नखाएवढ्या कार्डात सिनेमे भरून नेऊ लागले, तेव्हा तिथलंही शटर उतरलं. जळगावचं दुकान नूर महंमद यांनी सर्वांत शेवटी बंद केलं. शेवटची काही वर्षं ते सिनेमासाठी उघडं नव्हतंच. कोणी आपली कॅसेट सोडवायला आलं तर त्याला दार बंद दिसू नये, एवढ्यासाठी ते उघडं होतं. काही जण आले. बरेच आले नाहीत. घरात मशीनच राहिलं नाही तर कॅसेट नेऊन माणूस करणार काय? आता खाली मोबाईलची कव्हरं विकणारा एक जण भाड्याने बसत होता आणि अमानत वर आली होती.

मे महिन्यात एका दुपारी जिन्यावर चपला वाजल्या. सत्तावीस-अठ्ठावीसची एक मुलगी दारात उभी होती, तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला, हातात स्कूटीची किल्ली.

"नूर व्हिडिओवाले नाना इथेच राहतात ना?"

"होते," नूर महंमद म्हणाले. "व्हिडिओवाले होते. नाना अजून आहेत. ये, बेटा."

तिने स्कार्फ सोडला. नाव पुनम, असोद्याची, इथल्याच एका डाळ मिलच्या ऑफिसात कामाला. अमृत आबांची मुलगी. "तुम्हाला आठवणार नाहीत ते. पोळ्याला मशीन न्यायचे म्हणे तुमच्याकडून."

"अमृत? उंच, सारखा पान खाणारा? प्रत्येक सिनेमाचा शेवट दुसऱ्याला आधीच सांगून टाकायचा?"

पुनम हसली. "अजूनही सांगतात. सिरियलचा सुद्धा." मग तिचं हसू गेलं. "नाना, माझी आई मी बोलायला शिकायच्या आधीच गेली. काविळीने. घरात तिचे दोन फोटो आहेत. परवा प्रमिला आत्या बोलता बोलता बोलून गेल्या, तुझ्या आईची लग्नाची कॅसेट तुझ्या बापाने नूर व्हिडिओत ठेवली होती आणि कधी सोडवलीच नाही. मशीन दुसऱ्याच्या हाती परत पाठवलं. घरात माझी नवी आई आली होती, तेव्हा ती कॅसेट आणून दाखवणार कोणाला?" तिने किल्ली मुठीत धरली. "नवी आई चांगली आहे, तसं काही नाही. पण आत्या म्हणतात, त्या कॅसेटीत आईने नाव घेतलंय. मोठ्याने. मला फक्त तिचा आवाज ऐकायचाय. एकदा."

नूर महंमद यांना तिने काय मागितलं ते नीट कळलं. त्या काळातल्या लग्नाच्या कॅसेटीत माणसांचे आवाज नसतातच. शूटिंगवाले वरातीपासून पाठवणीपर्यंत सगळ्यावर सिनेमाची गाणी चढवायचे. पण नवरी उखाण्यात नाव घेते तेवढी जागा मोकळी ठेवा, असं त्यांनीच सगळ्या शूटिंगवाल्यांना बजावलं होतं, कारण बायका कॅसेट मागे फिरवून फिरवून तेवढंच पाहायच्या. नवरीचं नाव दीपमाला, नवऱ्याचं अमृत, गाव असोदा. त्यांनी न शोधता हात घातला आणि कॅसेट बाहेर काढली. लेबलवरची शाई उडाली होती, तरी जागा त्यांना पाठ होती.

पुनमने ती दोन्ही हातांत घेतली आणि कुठून उघडते ते कळत नसल्यासारखी उलटीसुलटी करून पाहिली.

"मशीन नाही ना माझ्याकडे," ती म्हणाली.

"मशीन मी आणतो. रविवारी ये. अमानत तुझ्या कानात घालून परत देतो."

नौशीन हे कोपऱ्यात बसून ऐकत होती. नूर महंमद यांची ही नात, मुलीची मुलगी, फिजिक्समध्ये एम.एस्सी. करत होती आणि सुट्टीत आजोळी राहायला आली होती. पुनम गेल्यावर ती म्हणाली, "नाना, असं वचन द्यायला नको होतं. फीत कशी आहे ते पाहिलं का?"

"पाहायचं काय त्यात? तुझ्या नानीने लेकरासारख्या सांभाळल्यात."

दुसऱ्या दिवशी दोघं धुळ्यावरून सोनगीरला गेले. हिलाल किल्ल्याच्या बाजूच्या रस्त्यावर आता पिठाची गिरणी चालवत होता. पांढऱ्या भुवया आणखी पिठाने पांढऱ्या करून तो बाहेर आला.

"नाना! इतला उनमा कसाले उनात?"

"मशीन शे का तुनाकडे?"

"शे ना. मरेल नही, पन तेले नाचाले सांगू नका. मनी घरवाली तेनावर दहीनं भगोनं ठेवस." त्याने आतून मशीन आणलं. वरच्या पत्र्यावर दह्याचा गोल डाग होता. "बठ्ठा गाव आते खिसामा सिनेमा लिसन फिरस. तुम्हले हाई कसाले?"

"एक अमानत शे, हिलाल. ती दखाडनी शे."

हिलालने बाहीने तो दह्याचा डाग पुसला. मग त्याने नौशीनकडे पाहून खिशातून कोरी नोट काढली. "मशीननं हेड आशी नोट लाईसन पुसानं, पोरी. चकचकीत व्हई जास."

"मामा, नोटेने हेड झिजतं. मी स्पिरिट आणलंय."

"आम्ही वीस वरीस नोट लाईसनच पुसं," हिलाल म्हणाला, "म्हनीसनच आसोद्याले गोवर निघे का मंग?" आणि आपल्याच विनोदावर इतका हसला की ठसका लागला.

घरी आल्यावर नौशीनने मशीन खोललं, पुसलं आणि पुनमची कॅसेट बाजूलाच ठेवली. आधी आपली लावून पाहू, असं ती म्हणाली. तिच्या आईच्या लग्नाची कॅसेटही त्याच फळीवर, त्याच सगळ्यांबरोबर इतकी वर्षं राहिली होती. नानी, म्हणजे ताजबी, शेजारी मिरच्या कुटायला गेली होती. नूर महंमद टीव्हीसमोर मांडी घालून बसले.

चित्र आलं. थोडं थरथरत, पण आलं. मंडपातली माणसं, त्यांची मुलगी, तिच्या डोक्यावरची लाल ओढणी. आवाज मात्र नव्हता. म्हणजे होता, पण कोणी तोंडात उशी धरून बोलावं तसा. काझीसाहेब बोलत होते आणि कुठल्या तरी खोल भांड्यात भुंगा फिरत होता.

"मशीन खराब आहे," नूर महंमद म्हणाले.

नौशीनने कॅसेट काढली, झाकण वर उचललं आणि दिव्याखाली धरली. मग तिने फळीवरच्या आणखी दोनतीन कॅसेटी काढून उलट्यापालट्या केल्या.

"नाना, सगळ्यांची लेबलं एकाच बाजूची का उडालीत? पाठीवरची शाई तशीच आहे. तोंडावरची गेलीय."

ते उत्तर देणार तोच ताजबी दारातून आली, हात मिरचीने लाल, आणि तिनेच उत्तर दिलं. "ऊन लागतं ना त्या बाजूला. खाटेवर पालथ्या कशाला घालीन? तोंड वर करूनच घालते."

"नानी, तू यांना ऊन दाखवतेस?"

"दर उन्हाळ्यात," ताजबी अभिमानाने म्हणाली. "डाळी झाल्या, कुरडया झाल्या, गोधड्या झाल्या की मग यांचा नंबर. वर मलमलचा दुपट्टा टाकते, धूळ बसू नये म्हणून. लोकांची अमानत आहे. बुरशी धरली, कसर लागली तर तोंड काय दाखवायचं? उन्हापुढे काही टिकत नाही, बेटा." आणि हात धुवायला आत गेली.

नूर महंमद यांना खाट दिसली. ती खाट गच्चीवर नेताना एका बाजूने त्यांनीच तर धरलेली असायची. कॅसेटी वर पोचवायला ते, मांडायला ती. दर वर्षी.

नौशीनने आवाज खाली आणला. "चित्र फितीच्या मधल्या पट्ट्यात असतं, नाना. आवाज काठावर असतो, अगदी एका बारीक रेघेत. पापड वाळताना आधी काठ उचलतो की नाही? तसे यांचे काठ उचललेत. मशीनचं आवाज वाचणारं टोक काठाला टेकतच नाही. आणि टेकलं तरी रेघ राहिलीय की नाही, कोण जाणे."

"उन्हाने?" ते म्हणाले. "उन्हाने कसं? ऊन तर..." त्यांच्या आयुष्यात उन्हाने खराब झालेली वस्तू आठवेना. गहू, मिरची, लोकर, लोणचं, तान्हं पोर, सगळ्यांना ऊन दाखवूनच तर टिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी नौशीनने एका रिकाम्या काळ्या कॅसेटीत थर्मामीटर खुपसून ती गच्चीवर ठेवली आणि खाली येऊन आकडा सांगितला. चौऱ्याहत्तर अंश.

"जास्त आहे का ते?"

"नाना, एवढ्यात अंडं शिजतं."

मग ती म्हणाली, नानीला सांगायला हवं. नूर महंमद यांनी मान हलवली. काय सांगणार? की तू ज्या हातांनी सांभाळलंस त्याच हातांनी सगळ्यांच्या नवऱ्या मुक्या केल्यास? "नाही," ते म्हणाले. "आणि रविवारी आपलं नशीब असेल. एखादी वाचली असेल. तिची खाटेच्या कडेला, सावलीत असेल."

"असेल," नौशीन म्हणाली. तिला तसं वाटत नव्हतं हे त्यांना दिसलं.

रविवारी पुनम आली ती नवा ड्रेस घालून, केसांत गजरा माळून, जणू कोणाला भेटायलाच आली होती. येताना तिने घरच्या केळीची अख्खी फणी आणली. ताजबीने तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं. नौशीनने मशीनची वायर लॅपटॉपला जोडली, म्हणजे फीत एकदाच फिरली तरी चित्र साठवलं जाईल.

कॅसेट आत गेली. मंडप आला, पानाने रंगलेले दात दाखवणारा तरुण अमृत आला, आणि मग हिरव्या शालूतली एक सडपातळ मुलगी.

"अगं बाई," पुनम म्हणाली. "किती लहान आहे ही. माझ्याहून लहान आहे."

गाणी वाजत होती ती विहिरीच्या तळातून आल्यासारखी. पुनमचं तिकडे लक्ष नव्हतं. ती नाक पाहत होती, हात पाहत होती, आई पदर सारखा कसा करते ते पाहत होती. मग घास भरवायचा प्रसंग आला. बायकांनी नवरीला घेरलं. कोणीतरी तिला कोपराने ढोसलं. आत्या, तरुण आणि जाड, हात नाचवत काहीतरी म्हणत होत्या. गाणं थांबलं. ती मोकळी जागा आली.

दीपमालेने तोंडावर हात धरला. हसली. मान खाली घातली, वर केली, थेट कॅमेऱ्यात पाहिलं आणि तिचे ओठ हलले. बराच वेळ हलले. उखाणा लांबलचक असणार. टीव्हीतून घुमल्यासारखा एक आवाज आला, उंच ना सखल, बाईचा ना पुरुषाचा. मग पडद्यावरच्या सगळ्या बायका एकदम खदखदून हसल्या आणि अमृत लाजून दुसरीकडे पाहू लागला.

"आवाज वाढव ना," पुनम म्हणाली.

"पूर्ण आहे."

"मग परत लाव."

नौशीनने फीत मागे घेतली. ओठ हलले, बायका हसल्या. पुनम उठून टीव्हीजवळ गेली आणि स्पीकरच्या जाळीला कान लावून बसली. "परत." तिसऱ्यांदा चित्रही खालून दुमडायला लागलं. नौशीनने हात मशीनवर ठेवला, पण थांबवायचा धीर तिला झाला नाही. तिने नानांकडे पाहिलं. नाना जमिनीकडे पाहत होते.

"काहीतरी विनोदी होतं," पुनम जाळीला कान लावूनच म्हणाली. "सगळ्या हसताहेत बघा. काय म्हणाली असेल?" मग ती मागे सरकली. "हे कशाने झालं? आवाज कशाने गेला?"

"जुनी फीत..." नौशीनने सुरुवात केली. "उष्णतेने कधी कधी..."

"मी सांगते कशाने," ताजबी म्हणाली.

नूर महंमद यांनी मान वर केली.

"या वर्षी माझे गुडघे धरलेत, बेटा. गच्चीवर जाता आलं नाही, ऊन दाखवायचं राहिलं. इतक्या वर्षांत एक उन्हाळा चुकवला नव्हता मी. तुझ्या आईची कॅसेट मी माझ्या ओढणीने पुसायची. आणि एक वर्ष चुकलं, तर बघ." तिचे डोळे भरून आले. "माझ्यामुळेच झालं."

"नाही हो, नानी," पुनमने तिचे दोन्ही हात धरले. "असं काय म्हणता? तुम्ही होतात म्हणून मला ती दिसली तरी. घरच्यांनी तर टाकूनच दिली होती." आणि जिचा आवाज हरवला होता तिची मुलगी ताजबीची समजूत घालत बसली, तिला पाणी पाजलं. नूर महंमद यांच्या ओठांवर वाक्य आलं होतं. ते खरं होतं आणि त्याने कोणाचंही काही परत येणार नव्हतं. त्यांनी ते गिळलं.

जाताना नौशीनने पुनमला पेन ड्राइव्ह दिला. चित्र त्यात होतं. "कॅसेटही नीट जपून ठेव," ती म्हणाली. "काठावर काही उरलं असेल तर उद्या कोणी वाचू शकेल. मला आज जमत नाही. पण थंड जागी ठेव, अंधारात. आणि आता लावू नकोस."

पुनमने कॅसेट हातात घेतली, थोडा विचार केला आणि नूर महंमद यांच्यापुढे धरली. "मग इथेच राहू द्या, नाना. आमच्या घरावर पत्रे आहेत, नुसती भट्टी असते. शिवाय नव्या आईसमोर कुठे ठेवू? तुमच्यासारखी कोणी सांभाळणार नाही. समजा, आता मीच ठेवली अमानत."

"ठेव, बेटा," ताजबीने हात पुढे केला. "या वेळी मी बसत बसत जिना चढीन, पण..."

"नाही," नूर महंमद म्हणाले.

त्यांचा आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. दोघी त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

"घेऊन जा. इथे नको."

"नाना, जागा तर कितीशी लागते..."

"दुकान बंद झालंय. आता अमानत घेत नाही आम्ही. तुझी आहे, तू ने."

पुनमचा हात तसाच थोडा वेळ पुढे राहिला. मग तिने कॅसेट पर्समध्ये टाकली. "बरोबर आहे तुमचं पण," ती हळू म्हणाली. "किती वर्षं दुसऱ्याचं ओझं वागवायचं माणसाने." तिने ताजबीच्या पाया पडून स्कार्फ बांधला. नूर महंमद यांच्या पाया पडायला ती वाकली, पण नुसतीच वाकली, हात पावलांपर्यंत आले नाहीत. नौशीन तिला सोडायला खाली गेली. स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला.

"आईबिना पोर आहे ती," ताजबी म्हणाली. "अशी घालवलीत? काय मागत होती? एक कॅसेट ठेवा म्हणत होती. जन्मभर अमानत अमानत करत आलात, आणि आज हे?"

टीव्ही अजून चालू होता, निळा. ताजबीने उठून तो बंद केला, गुडघ्यावर हात दाबत फळीपाशी गेली आणि एकेक कॅसेट सारखी करू लागली.

"उरलेल्यांना तरी उद्या वर न्या. नौशीन खाट धरील एका बाजूने. आणखी कोणी आलं तर त्याला असं मुकं लग्न दाखवायचं का?"

"उद्या नको," नूर महंमद म्हणाले. "उद्या आभाळ येणार आहे म्हणे."

ताजबीने खिडकीतून वर पाहिलं. ऊन समोरच्या भिंतीवरून परतून खोलीत आलं होतं आणि आकाश पांढरंफटक पडलं होतं.

"कोण म्हणालं?" तिने विचारलं.